जॉर्जियातली भाजी-भाकरी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात 1 जानेवारीला चवळी शिजलीच पाहिजे. सोबत कोलार्डची भाजी आणि मक्याची भाकरी. चवळी म्हणजे चिल्लर, हिरवा पाला म्हणजे नोटा, पिवळा मका म्हणजे सोनं. जेवढं खाल तेवढं वर्षभर हातात खेळेल. आमच्या साताऱ्याकडे चवळीला एवढा मान नाही. घरात भाजी नसली की चवळी भिजत पडते, आणि ताटावर बसणाऱ्यांपैकी एकाचं तरी तोंड वाकडं होतं.

माझं सासर कृष्णवर्णीय अमेरिकन. आम्ही दोघं अटलांटात राहतो, पण नवऱ्याचं मूळ गाव खाली दक्षिण-पश्चिम जॉर्जियात, अमेरिकस गावाच्या बाजूला. हा भुईमुगाचा पट्टा. देशातला जवळजवळ निम्मा भुईमूग जॉर्जियात पिकतो, आणि शेंगादाणेवाले राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं प्लेन्स गाव तिथून अगदी जवळ आहे. रस्त्याच्या कडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा कढईतून काढून विकतात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या शेंगा बघूनच मला सासर पसंत पडलं होतं.

नवऱ्याची आजी, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, अजून तिथेच राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. अख्खं गणगोत त्यांना ‘बिग मामा’ म्हणतं, अंगाने त्या माझ्या निम्म्या असल्या तरी. मी मात्र त्यांच्याशी बोलताना ‘येस मॅम’, ‘नो मॅम’ असंच बोलते. नवराही तसंच बोलतो, त्याचे पन्नाशीतले काकाही तसंच बोलतात. मागच्या नवीन वर्षाला, हाताखाली राबायला म्हणून, मी आदल्या दिवशी सकाळीच तिकडे पोचले.

निघताना अटलांटातल्या आमच्या मराठी मैत्रिणींनी बजावलं होतं, अँटासिड ने. सदर्न, म्हणजे इथलं दक्षिणेकडचं जेवण म्हणजे तळलेली कोंबडी, लोण्यात पोहणारे पदार्थ आणि वर साखरेचा मारा, अशी आपल्या लोकांची पक्की समजूत आहे. हॉटेलात ते तसं असतंही. पण त्या दोन दिवसांत मी जे चिरलं, धुतलं, थापलं, त्यात नव्वद टक्के पालेभाजी, कडधान्य आणि धान्य होतं. कोंबडी तर घरात तळलीसुद्धा नाही. एक आत्या दुकानातून खोकं घेऊन आली आणि ते टेबलाच्या कडेला ठेवलं गेलं.

कामाची सुरुवात कोलार्डपासून. कोलार्ड म्हणजे गड्डा न धरणारा कोबी. काश्मीरमध्ये हाक म्हणून खातात ती याच घराण्यातली. पानं हातभर लांब, जाड, निळसर हिरवी. बाजारातून आणायची असं मला वाटलं होतं, पण एक माणूस पिकअप ट्रक घेऊन आला आणि मागच्या फळीवरून त्याने जुड्या उतरवल्या. आजेसासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “यावर हिव पडलंय का?” पडलं होतं. गोठणाऱ्या थंडीत ही पानं आपल्यात साखर साठवतात, म्हणून दक्षिणेत जुनी माणसं पहिलं हिव पडल्याशिवाय कोलार्डला हात लावत नाहीत.

मग धुणं. हे काम कुणी सांगत नाही आणि सगळा वेळ तेच खातं. जॉर्जियाची माती तांबडी, बारीक, चिकट. पानाच्या शिरांमध्ये ती बसते. सिंक भरून घ्यायचं, मूठभर मीठ टाकायचं, पानं बुडवून ठेवायची, मग पाणी न सोडता पानं वर उचलायची. पाणी आधी सोडलं की खाली बसलेली माती परत पानांवर येते. सिंकचा तळ बोटाने चाचपायचा, खरखर लागली की पुन्हा पाणी. आजकाल काही जण कोलार्ड वॉशिंग मशीनमध्ये घालून धुतात, असं नवऱ्याच्या चुलत बहिणीने सांगितलं. आजेसासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती उठून बाहेर गेली.

देठ काढायचा तो सुरीने नाही. देठ मुठीत धरायचा आणि पान उलटं ओढायचं, फर्रकन सुटतं. पाच-सहा पानं एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करायची आणि आडवी कापायची. त्यांना कापायला पाट लागत नाही. डाव्या हातात गुंडाळी, उजव्या हातात बोटभर पात्याची सुरी, आणि सुरी स्वतःच्या अंगठ्याकडे ओढत ओढत बोटभर रुंद पट्ट्या खाली पडतात. मला विळी मिळाली असती तर त्यांच्या बरोबरीने कापलं असतं. सुरीने मी जपून, हळू कापत बसले.

भाजीच्या आधी रस्सा. हे माझ्यासाठी नवीन होतं. आपण पालेभाजीला फोडणी देतो, इथे पालेभाजीसाठी आधी तासभर हाडं उकळतात. पूर्वी त्यात धुरावलेला डुकराचा गुडघा किंवा मानेची हाडं असायची. आता कुटुंबात रक्तदाब सगळ्यांना आहे, म्हणून टर्कीचे धुरावलेले पंख पडतात. हा बदल फक्त आमच्या घरातला नाही, दक्षिणेतल्या कितीतरी कृष्णवर्णीय घरांत असाच झालाय. पंख, कांदा, लसूण, सुक्या लाल मिरचीचा चुरा. तासाभराने पाण्याला रंग आणि धुराचा वास येतो, मग त्यात पाला. डोंगराएवढा पाला पाच मिनिटांत बसतो. मग मंद आचेवर दीड-दोन तास, शेवटी व्हिनेगर. इथे मटण-मासा हा पदार्थ म्हणून येत नाही, चवीपुरता येतो. वांग्याच्या कालवणात आई मूठभर सुकट टाकते, आणि तेवढ्यावर सहा माणसं दोन भाकऱ्या जास्त खातात, तोच हिशेब.

आता मापाबद्दल. घरातल्या प्रत्येकाने मला सांगितलं होतं, बिग मामा सगळं अंदाजाने करतात, त्यांच्याकडून काही लिहून घ्यायला जाऊ नकोस. मी तशाच तयारीने गेले होते. पण त्या अंदाजाने काहीही करत नव्हत्या. ओट्यावर मापाचे कप आणि चमचे मांडलेले, चमच्यावरचं पीठ सुरीच्या पाठीने सपाट केलेलं, भट्टीत वेगळा तापमापक टांगलेला, कारण भट्टीच्या बटणावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी पस्तीसेक वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलीत. आधी काळ्या मुलांच्या शाळेत, पुढे 1970 च्या सुमारास काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्या तेव्हा सगळ्या मुलांसाठी. अमेरिकेत सरकारी मदतीची शाळाजेवण योजना 1946 पासून आहे, आणि तिच्या पाककृती शंभर जणांच्या मापात कार्डांवर छापून यायच्या. त्यांच्या डोक्यात अजून शंभराचाच आकडा पक्का. घरी वीस माणसं येणार असतील तर त्या तोंडातल्या तोंडात पाचाने भागतात. नातवंडांना कधी कुणी हे विचारलंच नाही, त्यांनी परस्पर ‘अंदाज’ ठरवून टाकलं. आजीच्या हाताला जादू असते असं म्हटलं की तिच्या नोकरीबद्दल विचारायची गरजच उरत नाही, हे माझं मत.

संध्याकाळी चवळी निवडून भिजत घातली. पांढरी, काळ्या डोळ्याची, आपलीच. चवळी मूळची आफ्रिकेची. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी भारतात आली आणि उसळीत, आमटीत रुळली. अमेरिकेत ती पोचली गुलामांच्या जहाजांबरोबर. भेंडीही तशीच. भुईमुगाचा प्रवास तर आणखी चमत्कारिक: दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेत, आणि आफ्रिकेतून गुलामांच्या व्यापाराबरोबर इकडे. पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना ही पिकं लावता येत होती, शिजवता येत होती, आणि मालकांनी आधी गुरांचं खाद्य म्हणून बघितलेली चवळी पुढे त्यांच्याही ताटात गेली. मी चवळी पाण्यातून वर-खाली करत असताना आजेसासूबाई म्हणाल्या, “तुमच्याकडे हिला काय घालतात?” मी सांगितलं, ओलं खोबरं, गूळ, आमसूल किंवा चिंच, गोडा मसाला. गूळ म्हणजे काय ते सांगायला काकवीचं नाव घेतलं. त्यांनी मान हलवली. काकवी त्यांना माहीत होती, नको तेवढी माहीत होती.

त्यांचे वडील वाट्याने शेती करायचे. जमीन, बियाणं, खेचर मालकाचं, राबणं यांचं, आणि वर्षअखेरीच्या हिशेबात काही उरायचं नाही. अशा घरांचा हिवाळ्यातला शिधा ठरलेला: मक्याचं पीठ, डुकराची खारवलेली चरबी, काकवी. त्यांच्या आईच्या एका बहिणीच्या हातांची कातडी उन्हाने भाजल्यासारखी सोलायची आणि शेवटी तिच्या डोक्यावरही परिणाम झाला. तो पेलाग्रा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या रोगाने दक्षिणेत हजारो माणसं नेली. संसर्ग असेल म्हणून लोक घाबरायचे. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने 1914 पासून हिंडून, प्रयोग करून दाखवलं की दोष खाण्यात आहे. नायासिन या ब जीवनसत्त्वाची कमतरता हे नेमकं कारण 1937 मध्ये कळलं. आपल्याकडे दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हाच रोग सापडला आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्यावर बरंच काम केलं, हे मला ठाऊक होतं, कारण आमच्या एका बाईंनी कॉलेजात ते शिकवलं होतं. आजेसासूबाईंना गोल्डबर्गर ठाऊक नव्हता. त्यांना एवढं ठाऊक होतं की ज्यांच्या परसात चवळी आणि पाला होता ती घरं वाचली. ‘नशीब उजळतं’ म्हणून जे ताट वाढतात त्यात नेमके हेच दोन पदार्थ का, याचं मला तरी दुसरं उत्तर लागत नाही.

रात्री दहाला सगळे चर्चमध्ये. 31 डिसेंबरच्या या जागरणाला वॉच नाइट म्हणतात. 1862 साली याच रात्री गुलाम आणि स्वतंत्र काळी माणसं प्रार्थना करत जागली, कारण लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 ला लागू होणार होता. त्याच्या आधी हाच 1 जानेवारी भीतीचा दिवस असे. जुने हिशेब मिटवायला माणसं विकली जायची, वर्षभरासाठी दुसऱ्याकडे भाड्याने दिली जायची, बायको एकीकडे आणि नवरा दुसरीकडे. नवीन वर्षाच्या जेवणाला या समाजात एवढं वजन का, हे त्या चर्चमध्ये बसल्यावर उमगलं. बाकी प्रार्थना, गाणी, मिठ्या, बारा वाजले, घरी आलो, झोपलो.

सकाळी चवळी चढली. चवळीला फार काही लागत नाही: कांदा, तमालपत्र, धुरावलेल्या मांसाचा तुकडा, मिरी. उकळायला लागली की आच कमी करायची, नाहीतर साल फुटून पिठलं होतं. भात वेगळा. शेजारच्या साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टनच्या किनारपट्टीत चवळी आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवतात, त्याला हॉपिन जॉन म्हणतात. आमच्या सासरी भातावर चवळी वाढतात. रताळी साखरेत पाकवली, मॅकरोनी-चीज भट्टीत गेलं. ते कोण करणार हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं आणि ते काम सुनेकडे येत नाही. मला पाच-सात वर्षांनी संधी आहे असं कळलं.

मक्याची भाकरी दोन तऱ्हेची झाली. पहिली कॉर्नब्रेड, बिडाच्या तव्यातली. तवा काळाकुळीत, त्यांच्या आईचा. पिवळ्या मक्याचं पीठ, थोडी कणीक, अंडी, घट्ट ताक, सोडा, मीठ आणि साखर. साखरेवरून दक्षिणेत दोन तट आहेत. काळ्या घरांत बहुतेक वेळा पडते, जुन्या गोऱ्या घरांत पडली तर केक म्हणून हिणवतात. महत्त्वाचं म्हणजे तवा तेलासकट भट्टीत आधी 450 अंश फॅरनहाइटला तापवायचा आणि पीठ त्यात ओतायचं. चर्र आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर खालची कड कुरकुरीत होत नाही आणि भाकरी तव्याला धरून बसते. वीस-बावीस मिनिटं, ताटात उपडी.

दुसरी तऱ्हा बघून मी हातातलं फडकं खाली ठेवलं. पांढऱ्या मक्याचं पीठ परातीत, मीठ, आणि वरून उकळतं पाणी. चमच्याने कालवलं, थोडं निवू दिलं, मग हात पाण्यात बुडवून गोळा घेतला आणि तळहातावर थापला. मक्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, ज्वारीतही नाही. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, त्याचीच खळ होते आणि तेवढ्यावर भाकरी सांधली जाते. जुनी, विरी गेलेली ज्वारी असली की आई उकड काढून भाकरी करते ती याचसाठी. आजेसासूबाईंच्या वड्यावर तीन बोटांचे ठसे होते. मी विचारलं, “मी करू?” त्यांनी परात माझ्याकडे ढकलली. मी थापायला लागले तर ती पसरतच गेली, हातावर फिरवत फिरवत ताटलीएवढी झाली. त्या बघत होत्या. “बेबी,” त्या म्हणाल्या, “तळायच्या कढईत हे मावणार नाही.” मग मी त्यांच्या मापाच्या थापल्या. पण त्यानंतर त्यांनी मला कुठलंच काम दोनदा समजावलं नाही, आणि मिरपूड किती ते मला विचारलं.

या हॉट वॉटर कॉर्नब्रेडचा खरा जोडीदार म्हणजे भाजीचा रस. कोलार्ड शिजून जे हिरवट तपकिरी पाणी उरतं त्याला पॉट लिकर म्हणतात. मालकांच्या टेबलावर पाला जायचा आणि तळाचं पाणी गुलामांना, असं सांगतात. जीवनसत्त्वांपैकी बरीचशी त्या पाण्यात उतरलेली असतात. तान्ह्या मुलांना अजूनही पहिल्यांदा तेच चमच्याने भरवतात. या रसात भाकरी बुडवायची की कुस्करायची, यावर 1931 साली लुइझियाना राज्याचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या वृत्तपत्रात जाहीर भांडण जुंपलं होतं. लाँग बुडवणाऱ्यांतले, संपादक कुस्करणाऱ्यांतले. देशभरातून पत्रं आली. फ्रँकलिन रूझवेल्ट तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते, पण उपचारासाठी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला येऊन राहायचे. त्यांनीही कुस्करण्याच्या बाजूने मत दिलं. मंदीच्या ऐन कडाक्यात वर्तमानपत्रांनी यावर रकाने भरले, आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

दुपारी दोनला वीसेक माणसं जेवायला बसली. प्रार्थना झाली, वाढप सुरू झालं, आणि मी भाकरी कुस्करली. कालवण म्हटलं की हात आपोआप तेच करतो. नवऱ्याचे थोरले काका ओरडले, “बघा, ही आपल्या घरातलीच!” समोरच्या बुडवणाऱ्या आत्याने नाक उडवलं. आजेसासूबाईंनी उरलेल्या कॉर्नब्रेडचा तुकडा उंच पेल्यात चुरला, वर ताक ओतलं आणि लांब चमच्याने खाल्लं. त्यांच्या पिढीत हेच रात्रीचं जेवण असायचं. आमचे आजोबा शिळी भाकरी ताकात कालवून, वर कांदा फोडून खायचे. फरक एवढाच की इथलं ताक दह्याइतकं घट्ट असतं.

चवीबद्दल खरं सांगते. कोलार्ड मला पहिल्या घासाला आवडली, चवळी तिसऱ्या घासाला. चवळीत काहीतरी आंबट हवं असं वाटत राहिलं. टेबलावर मिरच्या घातलेल्या व्हिनेगरची बाटली होती, ती घेतल्यावर सगळं जागेवर बसलं. रताळी भयंकर गोड. गोड चहा त्याहून गोड. मॅकरोनी-चीज मी दोनदा घेतलं.

थापतानाचा व्हिडिओ आईला पाठवला होता. आईचा फोन आला, “छान थापतात गं, पण तेलात कशाला सोडतात? तव्यावर टाकायची की.” मी भाषांतर करून सांगितलं. आजेसासूबाई म्हणाल्या, “तेलाशिवाय होत असेल तर करून दाखव. डॉक्टर खूश होईल.”

म्हणून ईस्टरला जाताना अटलांटाजवळच्या डिकॅटरच्या भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ नेलं. त्यांची शेगडी विजेची, भाकरी फुगवायला जाळ नाही. बिडाच्या तव्याला उंच काठ, त्यामुळे भाकरी हातावरून सोडताना मनगट आत घालावं लागतं. मी तवा उपडा करून त्याच्या पाठीवर भाजली, पाणी फिरवलं, उलटली, फडक्याने कडा दाबत राहिले. तिसरी टम्म फुगली. त्यांनी वाफ जाईपर्यंत थांबून तुकडा मोडला, रसात कुस्करला, चावून बघितला.

“मीठ विसरलीस,” त्या म्हणाल्या.

“नो मॅम. यात आम्ही मीठ घालत नाही.”

त्यांनी मिठाचा डबा उचलून माझ्या परातीशेजारी ठेवला.